दाढीचा ब्रश

पाळकसाहेब,

धाकटा भाऊ असलास तरी आज तुला बाळ्या म्हणवत नाही.

गेल्या महिन्यात नवरा घर सोडून गेला, हे मी फक्त तुला सांगितलं होतं. सासूबाईंना कळू नये म्हणून रोज सकाळी त्याचा दाढीचा ब्रश साबणात बुडवून बेसिनवर ठेवते, हेही. त्यांना वाटावं, लेक उशिरा येतो आणि लवकर जातो. तू माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केलीस. "ताई, हे माझ्या पोटात राहील," म्हणालास.

काल चर्चमध्ये, भर उपासनेत तेच पोट मोकळं केलंस! म्हणे, 'दुसऱ्या गावची एक भगिनी.' गाव बदललंस, ब्रश तेवढा बदलायला विसरलास. बायका डोळे पुसत होत्या. सासूबाई माझ्या शेजारीच बसल्या होत्या. मी गीतपुस्तकात तोंड खुपसलं. नंतर दारात लोक तुझी वाहवा करत होते, आणि तू माझ्याकडे बघून हसलास, जणू मीही शाबासकी द्यायला हवी होती. आणि हाच माणूस नव्या पाळकांना शिकवतो, मंडळीचा विश्वास कसा सांभाळायचा!

आज सकाळी मी उठले, तर ब्रश आधीच ओला होता, फेस लागलेला. घरात आम्ही दोघीच. सासूबाई भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेऊन पडल्या होत्या.

हे पत्र मी पाठवणार नाही. नाहीतर पुढच्या रविवारी वाचून दाखवशील.

दुसऱ्या गावची एक भगिनी