बिनहुंड्याची सिस्टिम

अंबरनाथ (पूर्व),
शनिवार, २४ जानेवारी २००९

आदरणीय दाजी यांस, बबनचा सविनय जय भीम.

पत्रास कारण की, आम्ही सर्व इथे खुशाल आहोत. आपण आणि द्रौपदीअक्का बोधगयेहून सुखरूप परतल्याचं कळलं, बरं वाटलं. अक्काच्या गुडघ्यांना प्रवास सोसला असेल अशी आशा आहे. आपल्या रक्तदाबाची चौकशी मी पत्राच्या शेवटी करीन, आत्ता करून उपयोग नाही. फोन करायचा सोडून हे पत्र का लिहितो, असं आपल्या मनात येईल. त्याचं कारण असं की आपल्या फोनवर ‘हॅलो’ तेवढं माझं असतं, पुढचं सगळं आपलं. (तक्रार नाही. तीस वर्षं महसूल खात्यात लोकांची गाऱ्हाणी ऐकल्यावर माणसाला स्वतः बोलावंसं वाटणारच.) सोमवारपासून आपले चार फोन येऊन गेले आणि चारही वेळा वृंदाने मी बाथरूममध्ये असल्याचं सांगितलं. ते खोटं नव्हतं. फोन वाजला की मी तिथे जात होतो.

आपली प्रीती मजेत आहे. नोकरीसाठी ती आमच्याकडे राहायला आली त्याला तीन वर्षं झाली, वृंदा तिला आता भाची म्हणतच नाही, मुलगी म्हणते. कल्याणच्या ऑफिसातून यायला तिला हल्ली उशीर व्हायचा, कारण त्यांच्या इमारतीची लिफ्ट आठवड्यातून दोनदा बंद पडायची आणि लिफ्टवाल्याचं काम होईपर्यंत कोणाला तरी थांबावं लागायचं. ऑफिसात अकरा माणसं आहेत, पण थांबायची हीच. ही जबाबदारीची जाणीव आपल्याकडूनच आली असणार. तिचं लग्न जमवायचं काम आपण माझ्यावर सोपवलंत, सोबत नऊ अटींचा कागद दिलात आणि बजावलंत की यंदाच्या मेळाव्यात जमलं नाही तर नोकरी सोडायला लावून तिला महाडला घेऊन जाणार, मग स्थळ मीच पाहीन. तो मेळावा गेल्या रविवारी पार पडला. त्याची हकिगत आपल्याला कळवणं माझं कर्तव्य आहे. फक्त ती लॅपटॉपपासून सुरू होते, त्याला माझा इलाज नाही.

लॅपटॉप म्हणजे आपणच दिलेला. निवृत्तीनंतर आपण हौसेने घेतलात आणि डोळ्यांना त्रास होतो म्हणून मला दिलात तो. त्यात मराठी टायपिंगचा फॉन्ट आपण बसवून दिला होता, त्याची सीडीसुद्धा दिली होती. त्याच्यावर मी विहाराच्या वधू-वर नोंदणीचे दोनशे बारा बायोडाटे एका बोटाने टाइप केले. (उजव्या हाताच्या. डावं बोट राखीव ठेवलं आहे.) टाइप झालेले कागदी फॉर्म आम्ही रद्दीत दिले, कारण कॉम्प्युटर आल्यावर कागद कशाला, असा ठराव समितीत पास झाला होता. ठराव मांडणारा मीच. आता लॅपटॉपची काही चूक होती असं मी म्हणणार नाही, आपण दिलेल्या वस्तूला मी नावं ठेवत नसतो. पण वर्षभरात तो इतका मंद झाला की सकाळी बटण दाबून मी पाणी भरायला जायचो, दोन पिंपं आणि टाकी भरून यायचो, तरी पडद्यावर वाळूचं घड्याळच असायचं. दिवाळीत एका मुलीचं नाव टाइप केलं आणि ते उमटेपर्यंत तिचं लग्न ठरल्याचा तिच्या वडिलांचा फोन आला.

प्रीती म्हणाली की मशीन चांगलं आहे, त्यातली ऑपरेटिंग सिस्टिम थकली आहे, ती बदलायला हवी. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे मशीनच्या घरातला मुख्य कारभारी, सगळे त्याच्या सांगण्यावरून हलतात, एवढं तिने मला समजावलं. मी त्यातून इतकंच घेतलं की एक जाणार आणि त्याच्या जागी दुसरं आणायचं आहे. म्हणजे स्थळं बघायची आहेत. आता हे काम मला येतं. मी आमच्या नोंदणीचे तीन कोरे फॉर्म घेतले आणि वृंदाला घेऊन उल्हासनगरच्या कॅम्प तीनच्या बाजारात गेलो. तिथल्या दुकानदाराने ‘आओ साईं’ म्हणून खुर्ची दिली, चहा मागवला आणि मी जन्मस्थळ, वय, शिक्षण, अपेक्षा असे रकाने एकेक करून विचारत गेलो तशी शांतपणे उत्तरं दिली. तो गृहस्थ पुढे कधी भेटला तर त्याला आपल्यातर्फे जय भीम सांगीन. इतका संयम मी वरपित्यांमध्येसुद्धा पाहिलेला नाही.

पहिलं स्थळ एक्सपीचं. म्हणजे जी आहे तीच, पण पुसून नव्याने घालायची. वृंदाचं म्हणणं, जुन्याच नवऱ्याला आंघोळ घालून परत बोहल्यावर उभं करण्यात काय अर्थ आहे. (हे म्हणताना ती माझ्याकडे पाहत होती.) शिवाय तिची अस्सल सीडी महाग आणि स्वस्तातली दाखवू का असं विचारल्यावर मी घराण्याची चौकशी केली, तेव्हा दुकानदार प्रामाणिकपणे म्हणाला की घराण्याचं विचारू नका. दुसरं स्थळ व्हिस्टाचं. दिसायला देखणं, खिडक्यांना काचेसारखी झिलई, आम्ही दोघं पाहतच राहिलो. पण अपेक्षांचा रकाना भरताना त्यांची मागणी निघाली. आपल्या लॅपटॉपमध्ये जेवढी मेमरी आहे तिच्या चौपट आधी घाला, मग आम्ही घरात पाऊल टाकू. मी पेन खाली ठेवलं. दाजी, आपण स्वतः नोंदणी वहीच्या पहिल्या पानावर ‘हुंडा देणार नाही, घेणार नाही’ असं स्वाक्षरीनिशी लिहून घेता. मग मुलांना एक आणि मशीनला दुसरं, असं करता येतं का.

तिसरं स्थळ प्रीतीने आणलं. उबुंटू त्याचं नाव. ते बाजारात मिळत नाही, परदेशातून पोस्टाने घरी येतं आणि पैसे घेत नाही. पोस्टाचंही नाही. तिने महिन्यापूर्वीच मागवून ठेवलं होतं. एवढंसं जाड कागदाचं पाकीट, पण पोस्टमनने माझ्याकडे असं पाहिलं की मला दोनदा सही करावीशी वाटली. वृंदाला खटकलं. फुकट देतायत म्हणजे काहीतरी खोट असणार, ती म्हणाली, एवढ्या लांबून कोणी उगाच देत नाही. तेव्हा मी तिला जरा मोठ्याने सांगितलं की जो हुंडा मागत नाही त्याच्यावरच संशय घ्यायचा, हे आपल्या चळवळीला शोभत नाही. (पुढच्या तीन दिवसांत हे वाक्य तिने मला अनेकदा परत ऐकवलं.) मत घेतलं. प्रीती आणि मी बाजूने, वृंदा तटस्थ. उल्हासनगरच्या त्या दुकानदाराने मी निघताना एवढंच विचारलं होतं, “साईं, अंदर का सब सामान निकाल लिया ना? फॉन्ट वगैरा?” मी सांगितलं, फायली पेनड्राइव्हवर आहेत आणि फॉन्टची सीडी लोखंडी कपाटात आहे. मला वाटलं, आणखी काय लागतं.

मेळाव्याच्या आधीच्या गुरुवारी संध्याकाळी प्रीतीने स्वतः उबुंटू बसवलं. लॅपटॉप अर्ध्या मिनिटात सुरू झाला, वृंदानेसुद्धा कौतुक केलं. मग मी बायोडाट्यांची फाइल उघडली. दाजी, त्यात मराठी नव्हतं. इंग्रजीही नव्हतं. ‘सुशील, सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष’ जिथे होतं तिथे कंस, टक्का, डॉलर, दोन उलटे स्वल्पविराम आणि पुन्हा कंस. आकडे तेवढे शाबूत होते, पण कुठला पगार, कुठली उंची आणि कुठलं जन्मवर्ष ते कळायला मार्ग नव्हता. प्रीती शांतपणे म्हणाली की फॉन्ट गेला, सीडी घाला. सीडी कपाटात नव्हती. कपाट आम्ही तीनदा रिकामं केलं. माझी लग्नातली टोपी सापडली, सीडी सापडली नाही. शुक्रवारी आपल्याला फोन लावले, आपण गयेला, फोन बंद. उल्हासनगरच्या छापखान्यात गेलो, त्यांच्याकडे चौदा मराठी फॉन्ट होते आणि प्रत्येकात वेगळा गोंधळ उमटत होता. एकात आपल्या समितीच्या अध्यक्षांच्या मुलाचं शिक्षण ‘ढङढञ’ असं आलं. अध्यक्षांनी चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं. पण हॉल ठरलेला, तीनशे माणसांचा नाश्ता सांगितलेला, कर्जतपासूनची मंडळी निघायच्या तयारीत. शेवटी फोटो आणि नोंदणी क्रमांक तरी नीट आहेत, एवढ्यावर पुस्तिका होती तशी छापली.

आपल्याला मेळाव्याची रीत माहीत आहे. मुलं-मुली परीक्षेला बसल्यासारखी रांगेत बसतात आणि आईवडील लाल पेन घेऊन पुस्तिकेवर खुणा करतात. या वेळी खुणा करायला काही नव्हतंच. पालेगावच्या एका बाईंनी एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर हा मुलाचा पगार धरला आणि नाक मुरडलं. तासभर असाच गेल्यावर मी माइक घेतला, सगळ्यांची माफी मागितली आणि म्हणालो की ज्याने त्याने उठून आपलं आपण सांगावं. मला वाटलं, आता कोणी उठायचं नाही. पहिला उठला तो एकशे एकसष्ट नंबर, महेंद्र. चिखलोलीला राहतो, आईचं नाव सुंदराबाई, कल्याण ते बदलापूर इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करतो. नाव ओळखीचं वाटेल. त्याचा बायोडाटा मी आपल्याला दोनदा पाठवला होता आणि ‘अट क्रमांक २, ४ व ७ पूर्ण करीत नाही’ असा आपला शेरा दोनदा आला होता. (सरकारी नोकरी नाही, पाच फूट आठ इंच नाही, कल्याणच्या पुढे मुंबईकडे घर नाही.) त्याने आपली माहिती सांगितलीच नाही. पुस्तिका उघडली आणि होती तशी वाचायला लागला, चेहरा अगदी गंभीर ठेवून. “माझं शिक्षण, कंस, टक्का, डॉलर. स्वभाव, उलटा स्वल्पविराम. पत्नीबद्दल अपेक्षा, कंस सुरू.” मग जरा थांबून म्हणाला, “कंस पुरा ती करेल.”

नोंदणीच्या टेबलाशी बसलेली प्रीती हसली. दाजी, तीन वर्षं ती माझ्या घरात आहे, पण तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. तिच्यामागून अख्खा हॉल हसला आणि मग कोणी कोणाला आवरेना. मुली उठून बोलल्या. एकीने सांगितलं की तिला स्वयंपाक येत नाही आणि शिकायचाही नाही, तिच्याभोवती चौघे जमले. त्या दिवशी पाच लग्नं जमण्यातली दिसली, गेल्या दोन मेळाव्यांत मिळून एक जमलं होतं. प्रीती आणि महेंद्र चहाच्या टेबलाशी उभे राहून बोलत होते ते खुर्च्या उचलेपर्यंत. घरी आल्यावर मी तिला जपून म्हणालो की ह्या मुलाला पप्पांनी दोनदा नापास केलेलं आहे. तेव्हा ती म्हणाली, “हो मामा. दोन्ही वेळेला मला कोणी विचारलं नव्हतं.”

मी दोनशे बारा पोरापोरींची उंची लिहून घेतली, रंग लिहून घेतला, पगार लिहून घेतला. कोणाला कशाने हसू येतं, हा रकाना माझ्या फॉर्मात नव्हता आणि तो असावा असं मला कधी वाटलंही नाही. मला लाज वाटली, हे आपल्याला सांगायलाच हवं. लॅपटॉपचंही मी कागदावरूनच ठरवलं होतं आणि त्या कागदात फॉन्टचा रकाना नव्हता. चूक दोन्हीकडे एकच झाली, फक्त एकीकडे ती फळाला आली.

नोंदणी पुन्हा सुरू करायची आहे, तरी फॉन्टच्या सीडीची दुसरी प्रत आपल्याकडे असल्यास कुरिअरने पाठवावी, ही विनंती. बाकी क्षेम. अक्काला नमस्कार, आणि आता विचारतो, आपला रक्तदाब कसा आहे?

आपल्या शब्दाबाहेर आजवर कधी न गेलेला,
बबन

ता. क. – पुढच्या रविवारी, म्हणजे एक फेब्रुवारीला, सुंदराबाई, महेंद्र, वृंदा आणि मी महाडला आपल्याकडे येत आहोत. प्रीती दोन दिवस आधी येईल, नोकरी न सोडता. आपण ‘हो’ म्हणावं, एवढ्यासाठीच हे पत्र आहे. मुलगा खरंच चांगला आहे. उंची पाच फूट पाच इंच, प्रीतीपेक्षा एका इंचाने कमी, तिला चालते. कृपया टेप काढू नये.

ता. क. दुसरा – हे आधी अक्काच्या कानावर घालावं म्हणून वृंदाने काल तिला फोन केला. अक्का म्हणाली, तिला दिवाळीपासून माहीत आहे. कसं माहीत, ते मला समजलेलं नाही.

ता. क. तिसरा – पाकीट बंद करताना कळलं, म्हणून मागच्या बाजूला लिहितो. सीडी पाठवण्याची तसदी घेऊ नये. आपलीच सीडी सापडली. प्रीतीच्या पर्समध्ये, रुमालात गुंडाळलेली होती. गुरुवारच्या आधीपासून तिथेच असावी. मी तिला काही विचारलं नाही, आपणही विचारू नये. त्यांच्या ऑफिसची लिफ्ट कोणाच्या ताब्यात आहे, तेही मी विचारलं नाही, पण मेळावा झाल्यापासून ती एकदाही बंद पडलेली नाही.