मधले टाके

गुरुवार, सकाळ

ठमे,

टर्रर्र! जुनं कापड फाडल्याचा तो आवाज आठवतो का तुला? आधी कात्रीची एक बारीकशी चीर, मग तुझी वहिनी कापड दोन्ही हातांत ताणून धरायची, तू कानांवर पंजे दाबायचीस, आणि मग या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत टर्रर्र! लगेच तुझं खिदळणं आणि "पुन्हा, वहिनी, पुन्हा!" त्या आवाजापायी तू चांगल्या चादरीसुद्धा चोरून आणून तिच्यापुढे टाकायचीस. आज पहाटे तोच आवाज कानात घुमला आणि जाग आली. उठून बसलो तर खोली गप्प, नळ तेवढा ठिबकतोय.

पत्राच्या आरंभी क्षेमकुशल लिहावं, असं आपल्या कवितेच्या गुरुजींनी छडी आपटून शिकवलंय. तेव्हा लिहितो. मी बरा आहे. दात गेले, गुडघे जाण्याच्या बेतात आहेत, कविता मात्र पाठ आहेत. तुमच्याकडेही सर्व ठीक असावं, असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं.

तुझा फोन आल्यापासून मी एका कामाला लागलोय. "दादा, वहिनीची ती गोधडी आहे का रे अजून? दिवाणखान्यात सोफ्याच्या मागे काचेत लावायचीय. सूनबाई म्हणते, हल्ली हाताच्या टाक्यांचंच चालतं." मी म्हटलं, "आहे की! पाठवतो." किती गोड म्हटलं ना? मलाच माझा आवाज परका वाटला. फोन ठेवला आणि कपाटाच्या वरच्या फळीवरून गोधडी खाली काढली. मग सुई शोधली. शिवायला नाही. उसवायला.

ती संपूर्ण गोधडी उसवून तुला नुसत्या चिंध्यांची थैली पाठवावी, असा पहिला बेत होता. "चिंध्या" हा शब्द तुझाच, मी फक्त तो पार्सलने परत करणार होतो. पण काठाशी सुई लावली आणि हात थांबला. वहिनीचे टाके तुला ठाऊक आहेत. एकामागून एक, सगळे सारखे, सगळे लघू. एकही गुरू नाही. गुरुजींनी ते पाहिले असते तर टेबलावर ताल धरून वाचले असते. ते मी तुझ्यासाठी का मोडू?

मग बेत बदलला. तुझे टाके तेवढे काढायचे.

हो, तुझे. विसरलीस? जमिनीवर खालची चादर पसरायची, वर जुन्या कपड्यांचे थर मांडायचे, सगळ्यात वर ठिगळं. मग वहिनी काठापासून शिवत शिवत, गोल गोल फिरत आत यायची. थर सरकू नयेत म्हणून मध्ये काहीतरी जड ठेवायला लागतं. लोक पाटा ठेवतात, डबा ठेवतात. आपल्या घरात तुला ठेवायचे. "ठमे, बस बाई मध्ये. तुझ्याइतकं जड घरात दुसरं काही नाही." मग तू रुसायचीस, आणि तू रुसू नयेस म्हणून तुझ्या हातात सुईदोरा. आई जाऊन फार दिवस झाले नव्हते. त्या सुईशिवाय तू एका जागी बसत नव्हतीस.

तुझे टाके म्हणजे वृत्ताचा खून. एक बोटभर लांब, पुढचा मुंगीएवढा, मग दोरा गुंतलेला, मग नुसतीच गाठ. फिरत फिरत आत आल्यावर वहिनीने ते काढून नीट घालायला हवे होते. कुणीही घातले असते. तिने त्यांच्या कडेशी येऊन दोरा तोडला आणि तुझे टाके तसेच ठेवले.

आता ते मी काढतोय. त्या दोऱ्याचं भेंडोळं पाकिटात घालून पाठवीन. वहिनीच्या गोधडीत तुझं जेवढं होतं तेवढं तुला मिळेल. लाव काचेत.

शुक्रवार, दुपार

समोरच्या बिऱ्हाडातली शिंपीणबाई आली होती. माझ्या मांडीवर गोधडी पाहून उंबऱ्यातच थबकली.

"काका, हे काय? म्हातारपणी लोक शिवणं शिकतात, तुम्ही उसवताय?"

"सूड घेतोय," मी म्हटलं.

"मग चष्मा तरी लावा. भलत्याचाच घ्याल."

चष्मा शोधून दिला तिने. मग गोधडी उजेडात धरून काठ पाहिला, मध्यभाग पाहिला, आणि म्हणाली, "मधलं काम कुणा पोराचं दिसतंय. पण काढू नका हो ते. मध्ये दुसरा टाकाच नाही."

मी म्हटलं, "बाई, तुम्ही तुमची मशीन चालवा."

तिने आणलेल्या चहाचा कप माझ्याकडेच राहिला. तो द्यायला जायचंय, पण आज नको. आज हात शिवशिवतायत.

तुला तो दिवस आठवतो की नाही, कुणास ठाऊक. जो बोलतो तो विसरतो. तुला मुलगा झाला होता. वहिनी ती गोधडी छातीशी धरून बसमध्ये बसली होती, कुणी हिसकावून नेईल अशी. वाटेत मला म्हणाली, "आज ठमीला एक गंमत सांगायचीय." काय ते मलाही सांगेना. नुसती हसत होती, परीक्षेत पहिली आल्यासारखी.

तुझ्या सासरची सगळी माणसं खोलीत होती. वहिनीने गोधडी पाळण्याशी नेली. तू ती दोन बोटांत उचललीस, ठमे. दोन बोटांत! "अगं वहिनी, या चिंध्या कशाला? बाळाच्या अंगाला टोचेल, पुरळ येईल." तुझ्या नणंदा हसल्या. तुझ्या सासूबाई म्हणाल्या, "असू दे, पाय पुसायला होईल." त्यावर तूही हसलीस.

वहिनीने घडी घातली. चार कोपरे जुळवून, हळू, नेहमीसारखी. "खरंच आहे, टोचेल," एवढंच म्हणाली. परतीच्या बसमध्ये मी विचारलं, "गंमत काय होती गं?" म्हणाली, "काही नाही. जुनी झाली."

त्यानंतर तिने सुई हातात धरली ती फक्त माझी बटणं लावायला.

आणि ती गेली तेव्हा तू ड्रायव्हरच्या हाती फुलं पाठवलीस. फुलं चांगली होती. ड्रायव्हर रडला.

शनिवार

तुझे टाके निघाले. सगळे. भेंडोळं पेपरमिंटच्या डबीत बसलं. जिंकलो म्हणायला हरकत नव्हती.

गोधडी झटकायला उचलली आणि आतले थर सरकले. मधून सगळं सुटलं, एका बाजूला गोळा झालं. हातात उशीएवढा गठ्ठा आणि मधोमध नुसतं पातळ कापड, पलीकडची खिडकी दिसेल असं. शिंपीणबाईचं ऐकलं असतं तर! इतक्या वर्षांचं वहिनीचं काम काठाला धरून होतं आणि मधला सगळा भार तुझ्या त्या बेताल टाक्यांवर होता.

मी चिडून हात आत घातला, गठ्ठा मोकळा करायला. बाबांच्या कोटाचं अस्तर निघालं. माझा शाळेचा शर्ट निघाला. आणि अगदी मधला, तू जिथे बसायचीस तिथला थर निघाला.

हे मी दोन दिवस लिहायचं टाळतोय. म्हणजे, दोन दिवसांपूर्वीच फटीतून एक निळा ठिपका दिसला होता मला. वाटलं, दुसरं काही असेल. खोटं कशाला, वाटलं नाही. वाटून घेतलं.

आईचा ठिपक्यांचा झगा आहे तो, ठमे.

तोच. जो तोंडावर ओढून तू झोपायचीस. बाबांनी आईचं सगळं घराबाहेर काढायला लावलं, "डोळ्यांपुढे नको" म्हणून, आणि दुसऱ्या दिवशी तू घर डोक्यावर घेतलंस. वहिनी म्हणाली, "हरवला गं." तू तिच्या हाताला चावलीस. "तूच फेकलास! तूच फेकलास!" ते तू कधी मनातून काढलं नाहीस. लग्नानंतरही एकदा मला म्हणालीस, "तुझ्या बायकोने माझी आई उकिरड्यावर टाकली." त्या दोन बोटांमागे तेच होतं, हे मला आज समजतंय. समजतंय, म्हणून माफ करतोय असं नाही.

तिने फेकला नव्हता. बाबांच्या नजरेपासून तो लपवायला घरात एकच जागा होती, तुझ्याखाली. तो तिने मधोमध अंथरला आणि तुला वर बसवलं. आणि वर तुझेच टाके राहू दिले. बाबा असेपर्यंत बोलायची सोय नव्हती. मग बाबा गेले, तुला मुलगा झाला, आणि ती गंमत सांगायला निघाली.

आता कळलं ना तू कशाला चिंध्या म्हणालीस? पाय पुसायला होईल, या बोलण्यावर तू हसलीस, ते कशावर?

तेव्हा एका वाक्यात तिला तुझं तोंड बंद करता आलं असतं. "आत तुझी आई आहे" म्हणाली असती तर तू पाळण्याशीच कोसळली असतीस. ती म्हणाली नाही. ती चांगली होती. मी नाही. म्हणून मी लिहितोय, आणि ठळक अक्षरात लिहितोय, म्हणजे तुलाही चष्मा शोधावा लागणार नाही.

गोधडी येणार नाही. झगाही येणार नाही. काचेत लावायला माझा जुना बनियन पाठवतो. त्याची भोकं हातानेच पडलेली आहेत, सूनबाईंना सांग.

रविवार, सकाळ

पाकिटावर पत्ता लिहिला. चिकटवायचं तेवढं राहिलंय. काल दुपारी त्या पातळ भागावर हात ठेवून पडलो होतो. थर परत जागी मांडून पाहिले. मांडले की सरकतात. माझं वजन पुरत नाही. मी कधी जड नव्हतोच, मी कविता म्हणणारा.

बेल वाजतेय. कप मागायला शिंपीणबाई आली असेल.

नाही. दाराच्या भिंगातून पाहून आलो. तू आहेस.

ड्रायव्हर नाही. कठड्याला धरून उभी आहेस, चपला हातात, तोंड लाल, भात्यासारखा श्वास. इतके जिने चढलीस? वहिनी असताना तुला हा पत्ता सापडत नव्हता.

"दादा! उघड रे. आहेस ना आत?"

आहे. लिहितोय.

"फोनवर तू एवढ्या गोड आवाजात हो म्हणालास ना, तेव्हापासून झोप नाही मला. काय करतोयस तू तिच्या गोधडीचं? दादा!"

'तिच्या' म्हणालीस. 'त्या' नाही. ऐकलं मी.

बेल नको दाबूस, दार ठोक, बेल दाबली की अडकून वाजतच राहते. ठोकतेयस. ठोक. सगळा मजला बाहेर येऊ दे. शिंपीणबाईचं दार उघडलंच. ती तुला खुर्ची देतेय, तू नको म्हणतेयस. बरोबर, बसू नकोस. एकदा तू बसली होतीस आणि वहिनी गोल गोल फिरत होती. आता थोडा वेळ तू उभी राहा. पत्र अर्धवट ठेवू नये, असंही गुरुजी सांगायचे. सही करतो, शाई वाळू देतो, आणि मग ते टपालात न टाकता दाराच्या फटीतून तुझ्या हातात देतो. तिथेच वाच. उभ्याने वाच. शेवटच्या ओळीपर्यंत आलीस की कडी काढीन.

तुझ्या वहिनीचा नवरा,
दादा