नाव नसलेली आळी

९ ऑगस्ट १९५६
पाट्यांचं काम माझ्याच गळ्यात! सरपंच मालोजी पाटलांना कुणीतरी सांगितलं, शाळेतल्या बाईंचं अक्षर मोत्यासारखं आहे. झालं! नदीपलीकडे कारखाने निघाल्यापासून रहाटणीत आमच्यासारखे भाडेकरू वाढले. कुणाचं टपाल कुणाकडे जातं, पोस्टमन कंटाळलाय म्हणे. म्हणून प्रत्येक आळीच्या तोंडाशी नावाची पाटी. पत्रा आणि रंग पंचायतीचा, हात माझे. शाबासकी पाटील घेणार, हे न सांगताच ठरलेलं.

१० ऑगस्ट
शाळा सुटल्यावर गाव हिंडले. दत्तोबाची आळी, अंबूची आळी, इनायतचा बोळ. दत्तोबा कोण, वतनदार होता का, असं त्याच्या सुनेला विचारलं. म्हातारी हसली. "कुठला वतनदार! बसऱ्याच्या लढाईला गेला, त्यो आलाच न्हाई." अंबू माहेरी जायला निघाली, ती पोचलीच नाही. इनायत चऱ्होलीकडे बांगड्या विकायला गेला, तो गेलाच.

आमच्या आळीला नावच नाही! शेजारच्या रुक्मिणीबाई आळीत सगळ्यांत थोरल्या, त्यांना विचारलं, तर त्यांनी नदीच्या दिशेनं हात जोडले. "न्हाई लागलं अजून. न लागो, बाई."

११ ऑगस्ट
दिवेलागणीला गावात हाका ऐकू येतात. कराडहून येऊन वर्ष झालं, मला वाटायचं बायका गुरांना बोलावतात! आज उलगडा झाला. आळीतली थोरली बाई आळीच्या तोंडाशी येते आणि न परतलेल्या माणसाला नावानं हाळी देते. एकदाच. वाट चुकला असेल तर आवाजाच्या रोखानं घरी यावा म्हणून. आळीला नाव असतं ते अशा माणसाचंच. इनायतच्या बोळात ताजुन्निसा हाळी देते. नातसून ती, तिनं इनायतला कधी पाहिलंही नाही. आणि हिंदुराव म्हणून एकजण खरंच परत आला, तर त्याच दिवशी त्याच्या आळीचं नाव सोडलं म्हणे.

अडाणीपणा, दुसरं काय! पण ऐकताना अंगावर काटा आला, हेही खरं.

१४ ऑगस्ट
पवनेला पूर. होडी दुपारीच बंद झाली, आणि हे सकाळच्या शिफ्टला पलीकडे गेलेले! अंधारून आलं, हाळ्या होऊन गेल्या, माझा जीव टांगणीला. आणि हे दारात उभे! नखशिखांत निथळत. "पोहत आलो." एवढंच बोलले. उंबऱ्याबाहेर उभेच राहिले, मी "या ना" म्हटलं तेव्हा आत आले.

देवा, तुझे उपकार कसे फेडू! लाजबीज सोडून रडले.

१७ ऑगस्ट
होडी कालपासून सुरू आहे, पण हे कामावर जात नाहीत. या महिन्यात कायम होण्याची ऑर्डर यायची, आणि हे चुलीपाशी बसून. पुराचा धसका घेतलाय. घरात पाहुण्यासारखे वावरतात. वाढलं तर जेवतात, मागत नाहीत. आज विचारलं, आपण मीठ कुठं ठेवतो? स्वतःच फळी ठोकली होती मिठाच्या बरणीसाठी! हाळ्या सुरू झाल्या की कानांवर हात ठेवून भिंतीकडे तोंड करतात.

मला माझा माणूस परत हवा. बडबड्या, माझ्या चहात खोट काढणारा.

१८ ऑगस्ट
सुचलं! भरल्या पुरातून पोहून घरी आलेला माणूस — आळीला त्याचंच नाव का नको? गाव मान देईल, यांनाही उभारी येईल. 'सयाजीची आळी'. गंमत अशी की मला माझ्याच आळीचं नाव तोंडानं घ्यायची चोरी!

यांना सांगितलं. पुरानंतर पहिल्यांदाच आवाज चढला यांचा. "माझं नाव लावू नको." भिडस्त स्वभाव. मी कुठली ऐकतेय!

२० ऑगस्ट
पाटी लावली. रुक्मिणीबाई धावतच आल्या. "मास्तरीणबाई, ह्ये काय केलंत! जित्या मानसाचं नाव?" म्हटलं, यांनी पुराला दाद दिली नाही, त्याचा मान आहे हा. त्या आमच्या दाराकडे बघत राहिल्या. मग हळू आवाजात, "त्या दिशी होडीवाला सोपान काठावरच हुता. पवत कुनी आलं न्हाई म्हनतो."

दुसऱ्याचं बरं झालेलं बघवत नाही लोकांना!

"आता नाव लागलंय, तर हाळी द्यावीच लागंल," म्हणाल्या. "न्हाईतर त्यो बिचारा वाट कशी काढंल?"

म्हटलं, तो बिचारा आत बसून भाकरी खातोय! मीच हसले. त्या हसल्या नाहीत.

२१ ऑगस्ट
रुक्मिणीबाईंना कालपासून ताप. हाळी झाली नाही.

पाटी काढून टाक म्हणून यांनी आज माझे पाय धरले. नवऱ्यानं बायकोचे! मी मागे सरकले. मला यांची भीती वाटली. स्वतःच्या नवऱ्याची! लिहितानाही लाज वाटते. पण पाटी काढणार नाही. का, ते मलाच धड सांगता येत नाही.

२२ ऑगस्ट
ताप अंगात असताना रुक्मिणीबाई उठून आल्या. हाळी दिली. "सयाजी, घरला ये रं!"

नदीकडून ओ आली. थोड्या वेळानं दाराची कडी वाजली. "अगं, उघड की! केव्हाचा वाट शोधतोय." यांचा आवाज. हे माझ्यासमोर पाटावर जेवत होते.

मी उठले, तर यांनी माझं मनगट धरलं. "उघडू नको," म्हणाले. "बाहेर मी आहे."