बारवेतल्या राणीला वर येऊ देण्याविषयी

प्रति,
मेहेरबान मामलेदारसाहेब,
तालुका कचेरी, जिल्हा अहमदनगर.

विषय : ‘बारवेतली राणी’ या कादंबरीचा शेवट बदलण्याची अट माफ होणेबाबत.
संदर्भ : आपला श्रावणातला हुकूम.

महोदय,

मी आवडाबाई नृसिंह पाठक, राहणार मौजे चिंचवेढे, हात जोडून अर्ज करते की,

१. मला लहानपणापासून कीर्तनाचे वेड. जात्यावरच्या ओव्या, व्रतांच्या कहाण्या आणि बायाबापड्यांनी पाणवठ्यावर सांगितलेली सुखदुःखे मिळवून मी ही अद्भुत कादंबरी लिहिली. तीत एक राक्षस राणीला खोल पायऱ्यांच्या विहिरीत, बारवेत, कोंडतो आणि बारवेच्या तोंडावर भले थोरले जाते ठेवतो. वर बायका रोज दळतात. खाली राणी आहे, हे त्यांना ठाऊक नसते. श्रावणात मी ती देवळात वाचू लागले.

२. साहेबांस ठाऊक असेलच की, कहाणी ऐकताना मुठीत अक्षता धरतात आणि ती संपूर्ण झाल्यावर देवाला वाहतात. मध्येच मूठ सोडायची नाही. आमच्या बायकांनी कादंबरीलाही तोच नियम लावला. कहाणी घटकाभराची, कादंबरी महिनाभराची, हे कोणाच्या ध्यानातच आले नाही. घरी जाताना त्यांनी अक्षता पदराला बांधल्या आणि राणी वर येईपर्यंत एकच वेळ जेवण्याचा नेम धरला.

३. राणी शेवटच्या पायरीवर आली आणि फौजदारसाहेब देवळात आले. “राक्षस म्हणजे कोण?” असे त्यांनी विचारले. मी म्हटले, राक्षस म्हणजे राक्षस. ते उरलेली पाने आपल्या कचेरीत घेऊन गेले. मग आपला हुकूम आला की, वाचन खुशाल करावे, परंतु राणी सुटता कामा नये. पाटील सूर्यभान यांनी माझ्यासाठी हमी लिहून दिली. मी अट मोडली तर त्यांची पाटीलकी जाते.

४. मी अट पाळून पाहिली. “राणी आतच राहिली, संपूर्ण,” असे वाचले. एकीनेही पदराची गाठ सोडली नाही. छबूबाई म्हणाली, “राणीला आत ठिवून आमी भायेर जेवायचं व्हय? काकू, तुमी लई शिकल्या, पर ही काय कहानी न्हाई.”

५. माझी सून इंदू हिला सातवा महिना आहे. तिच्या डोळ्यांपुढे अंधारी येते. वैद्य म्हणतात, दोन वेळ जेवलेच पाहिजे. ती म्हणते, “सासूबाई, राणी वर आली की जेवीन.” खरे वाचावे तर पाटील बुडतात, खोटे वाचावे तर पोर उपाशी राहते. साहेब, आता बारवेत मीच आहे आणि जाते वरून आपण ठेवले आहे.

६. कीर्तनात हरिदासबुवा पूर्वरंग कितीही लांबवोत, आख्यान अर्धे टाकून उठत नाहीत. शिवाय राणी मी कधीच वर काढली आहे. बायका ओवी म्हणत म्हणत जाते बाजूला सारतात, एवढेच त्या पानांत आहे. ती सुटलेली राणी सध्या आपल्या कपाटात आहे.

तरी पाने परत मिळावीत आणि ती आहेत तशी वाचू द्यावीत.

आपल्या उत्तरावर जिच्या घरचे दुसऱ्या वेळचे जेवण अडले आहे ती,
आवडाबाई नृसिंह पाठक
भाद्रपद वद्य पंचमी, शके १८६५

सोबत : चिमूटभर अक्षता. पाकीट उघडताना त्या आपल्या हातात आल्या असतीलच. वरती कहाणीही आपण ऐकली. आता मध्येच मूठ सोडता येत नाही. खात्री नसल्यास घरी बाईसाहेबांना विचारावे.