साहेबांचा शेवटचा प्रश्न

रविवार, ९ मार्च

लाडक्या भिंगरीस,

आशीर्वाद तर आहेतच, ते वेगळे कशाला लिहू? मामा संध्याकाळच्या गाडीने तिकडे येतोय, त्याच्याजवळ हे देते. तुझा निळा कुर्ता इस्त्री करून पाठवला आहे. घडी मोडू नकोस म्हणून त्याला दहादा बजावलंय, म्हणजे तो पिशवीवर बसणारच.

शेजारच्या टायपिस्टबाई तुझ्या मुलाखतीच्या कंपनीबद्दल विचारत होत्या, "एवढी मोठी कंपनी, पण करते काय?" म्हटलं, "दुसऱ्यांच्या कंपन्यांचे हिशेब तपासते आणि त्यांना सल्ले देते." तर म्हणाल्या, "अगंबाई, म्हणजे माझ्या सासूबाईंसारखीच!"

उद्या तुझ्या मुलाखतीची शेवटची फेरी. कालच्या सरावाबद्दल लिहायला बसले आणि बघ, इस्त्रीवरच अडकले.

महिनाभर मी फोनवर तुझी साहेब झाले. पहिल्या दिवशी "बसा" म्हटल्यावर लगेच "जेवलीस का?" विचारलं, तेव्हा किती हसलीस! मग मी शिकले. ग्रंथालयातून मुलाखतीची पुस्तकं आणून वाचली. प्रसंग काय होता, आपण काय केलं, त्यातून काय निष्पन्न झालं, असं क्रमाने सांगायचं, हे आता मलाच पाठ झालंय.

"एखादा कठीण प्रसंग सांगा," मी म्हटलं. तू बाबांचं आजारपण सांगितलंस. दवाखान्यात कोणी कधी थांबायचं याचा तू तक्ता केलास, फ्रिजवर लावलास, सगळ्यांना विश्रांती मिळाली. आवाज खणखणीत होता. मी तिथेच थांबायला हवं होतं. पण पुस्तकात लिहिलंय, हे लोक खोलात शिरतात. म्हणून विचारलं, "तीच वेळ पुन्हा आली तर वेगळं काय कराल?"

तू म्हणालीस, "त्या दुपारी आईला घरी झोपायला पाठवणार नाही."

आणि मी काय केलं? "धन्यवाद, आपण जाऊ शकता," म्हणून फोन ठेवला. आईला बोलता येईना, म्हणून साहेबच बोलले. नंतर तू पुन्हा फोन केलास, तोही घेतला नाही.

भिंगरी, मी घरी पडले होते आणि तिकडे दवाखान्यात बाबा गेले, याचं ओझं तू इतके दिवस वाहते आहेस, हे मला ठाऊक नव्हतं. मी काय धरून बसले, तेही तुला ठाऊक नाही. त्या दुपारी मी घरी गेले, ती तक्त्यामुळे नाही. तक्ता मी कधी पाळला गं? खुर्ची सोडायला तयारच नव्हते. बाबा म्हणाले, "जा, थोडी पड. ती आहे ना."

शेवटी त्यांनी मला पाठवलं आणि तुला ठेवून घेतलं. मला ते फार लागलं. म्हणून कधी सांगितलं नाही. तुझ्यावर राग नव्हता, हेवा होता. आता वाटतं, माझ्यादेखत त्यांना निघता येत नसावं.

उद्या हाच प्रसंग सांग किंवा दुसरा निवड, तुझं तू ठरव. पण तो प्रश्न आलाच, तर न अडखळता सांग, की काहीच वेगळं करणार नाही. हे घोकलेलं उत्तर नाही, खरं आहे.

बाहेर आलीस की फोन कर. मी "जेवलीस का" एवढंच विचारणार आहे.

तुझी,
साहेब नव्हे, आई