टेंब्यांची सलमा आणि आमची

रवि., ४ जाने.
सकाळी सदाशिव पेठेत काव्यमेळा. साउंड आपल्या दुकानाचा. सात कवी, त्यांत चौघांच्या कवितेत 'सलमा'. सुरमा, बुरखा, चंद्र. एकीच्याही हातात भाजीची पिशवी नाही. तीस वर्षं ऐकतोय यांना, खोकल्यावरून कवी ओळखतो. यातला एकही कुठल्या सलमाच्या घरी पाणी प्यायला असेल, असं आवाजावरून तरी वाटत नाही.
अध्यक्ष प्रा. टेंबे चहाच्या वेळी समजावत होते. जुन्या अरबी कवितेत सलमा हे प्रेयसीचं ठरलेलं नाव. कवी वाळवंटात येतो, तिचा तांडा निघून गेलेला, चुलीचे काळे दगड तेवढे उरलेले. मग तो रडतो. "नावाला साहित्यात स्थान आहे!" आणि लगेच मिक्सरकडे वळून, "अहो ताई, जरा आवाज वाढवा."
ताई म्हणजे आमची सलमा शेख, लोणी काळभोर. अकरा वर्षं आमच्या मिक्सरवर तीच बसते. टेंब्यांनी नाव कधी विचारलेलं नाही.

बुध., ७
सलमाने दुकानात कागद पुढे केला. "दादा, वाचा. हसू नका."
कविता. त्या तांड्यातली सलमा बोलतेय. चूल मी विझवली, तंबूच्या खुंट्या मी उपटल्या. तू रडायला पोचलास तेव्हा मी पुढच्या पाणवठ्यावर पीठ मळत होते. हाक मारली असतीस तर ऐकू आली असती.
हसलो नाही. दोनदा वाचली. टेंब्यांना मीच पाठवली.

शुक्र., ९
टेंबे दुकानात. "छान आहे हो. पण सलमा ही प्रतिमा आहे, तुम्ही ती फारच घरगुती करून टाकलीत. शिवाय कवयित्रीही सलमा. लोक आत्मचरित्र समजतील. नाव काढा, नुसतं 'ती' ठेवा. मग अठराच्या मेळ्यात शेवटची पाच मिनिटं तुमची."
सलमाने विचारलं, "सर, तुमच्या संग्रहात किती सलमा?"
"एकवीस." वर हसले.
ते गेल्यावर मी म्हणालो, बदल की, काय जातं. टेंब्यांचे वर्षाचे बारा कार्यक्रम आपल्याकडे असतात, म्हणून म्हणालो. वाक्य कानाला टेंब्यांचंच लागलं. सलमा केबल गुंडाळत राहिली.

रवि., १८
हॉल एकला सोडायचा. टेंबे बारा वीसला उभे राहिले. विषय: कवितेतली सलमा. तिचं मौन, म्हणे. खरी पहिल्या रांगेत टोकाला, कागदाची घडी मुठीत. मिक्सरवर मी. बारा पन्नास झाले तरी हे वाळवंटातच. त्यांच्या माईकच्या सरकत्या बटणावर बोट ठेवलं. अर्धा इंच खाली ओढलं की काम झालं, हॉल म्हणाला असता माईक गेला.
सलमाने वळून बघितलं. मान हलवली. नको.
बोट काढलं.
बारा छपन्नला सुटका. निम्मे लोक चपला शोधायला गेले. सलमा उठली, स्टँड आपल्या उंचीला आणला, कविता वाचली. नावासकट. चपला घातलेले दारात थांबले. टेंबे घड्याळ बघत होते.
नंतर तिला, "आमच्या मासिकाच्या अंकासाठी द्या. पण ते नावाचं तेवढं बघा."
"बघते सर."

मंगळ., २०
सलमाने पाकीट दिलं. "कोथरूडला चाललाय ना, टेंबे सरांकडे टाका."
"नाव ठेवलंस का काढलंस?"
"तुम्हीच म्हणालात ना दादा, काय जातं."
आवाजावरून काही कळलं नाही. माझ्या कानांची ही पहिलीच वेळ.
टेंब्यांच्या सोसायटीखाली स्कूटरवर बसून लिहितोय. पाकीट उन्हात धरून पाहिलं. कागद जाड आहे, आत नाव आहे की नाही दिसत नाही. वर गॅलरीत टेंबे दिसतायत, हात हलवतायत, या म्हणून