किल्ली सुमतीवहिनींकडे

बंगलोर, १२ जून १९८९

ती. सौ. सुमतीवहिनींस,
गिरिधरचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तुमच्या पुष्पलतेसाठी तिथल्याच सदर भागातलं स्थळ सांगून आलं, वाचून आनंद झाला. दादाची हिंगण्याच्या कारखान्यातली रात्रपाळी संपली की नाही?

आता आप्पांच्या कॉम्प्युटरचं. कंपनीनं ते मॉडेलच बंद केलं. यापुढे त्याचा मूळ प्रोग्राम सुधारून मिळणार नाही, बिघडला तर दुरुस्तीला माणूसही येणार नाही. त्यातून हल्ली व्हायरस म्हणून एक प्रकार निघालाय. दुसऱ्याच्या फ्लॉपीतून आत शिरतो आणि सगळं पुसून टाकतो. लकव्यानं वाचा आणि उजवा हात गेल्यापासून आप्पा डाव्या हाताच्या बोटानं त्याच्या कळा दाबूनच बोलतात, म्हणून जपायला हवं. मूळ फ्लॉपीच्या खाचेवर पट्टी चिकटवा म्हणजे तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही. एक नक्कल कपाटात ठेवा. शेजारच्या रुपरावांचा जावई खेळाच्या फ्लॉप्या घेऊन येतो, त्याला सरळ नाही म्हणा. कॉम्प्युटरच्या डब्याला पुढून कुलूप आहे. ते लावलं की कळा दाबूनही काही उमटत नाही. तुम्ही सोडून कुणी हात लावायचा नाही, असं घरात सांगून टाका. तुमच्या राज्यात मांजरसुद्धा विचारून शिंकतं, तेव्हा काळजी नाही!

माया आहे तशीच राहू द्यावी.

आपला,
गिरिधर

---

नागपूर, २ जुलै १९८९

चि. गिरिधरभाऊजींना,
सुमतीवहिनीचे अनेक आशीर्वाद.

तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं. पट्टी लावली, नक्कल माझ्या साड्यांखाली ठेवली. रुपरावांचा जावई तोंड पाडून परत गेला. किल्ली मंगळसूत्रात अडकवली आहे, हे हसतात.

सदरची मंडळी मुलगी बघून गेली. चहा चालला होता. आप्पांनी मध्येच टकटक सुरू केली. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात ना ते, मुलाच्या मामांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं, "मुलीला विचारलं का?" पुष्पलता खाली मान घालून बसली होती, ती एकदम वर बघायला लागली. माझं तर तोंड काळं झालं. मामा हसले म्हणून निभावलं.

त्या दिवसापासून कुलूप लावलंय. आप्पा काही परके नाहीत, पण कोणतं बोट कुठं पडेल याचा भरवसा नाही, आणि दुरुस्तीला आता कोण येणार? आप्पा शांत आहेत. घरही शांत आहे. आज आंब्याचा शेवटचा रस केला, तुमची आठवण झाली.

ओढ असू द्या.

सुमती

---

आर्वी, २१ ऑगस्ट १९८९

चि. गिरिधर यास,
सिंधूआत्याचे उदंड आशीर्वाद.

पुष्पीच्या साखरपुड्याले मी नागपूरले गेली होती. तिथं जे पाहिलं ते तुले लिहिल्याशिवाय मले घास जाऊन नाही राहिला.

तुझा बाप, माझा दत्तू, त्या यंत्रापुढं बसला होता. कळा दाबून राहिला होता आणि काचेवर काहीच येत नव्हतं. तरी दाबतच होता. त्याच्या पाठीले जखम झाली आहे, अंथरुणाले चिकटते. घरात कोणाले माहीत नव्हतं. तो सांगणार कसा? कूस बदलून देताना माझ्या हाताले ओलं लागलं म्हणून कळलं.

मी सुमतीले विचारलं, "त्याची वाचा आहे वं ते. काहून बंद केली?"

ती रागावली नाही. आत गेली, तुझं पत्र घेऊन आली आणि त्याच्या डोळ्यासमोर धरलं. "तुम्ही सोडून कुणी हात लावायचा नाही" या ओळीवर बोट ठेवलं. म्हणाली, "मी नाही, भाऊजी म्हणतात."

दत्तूनं वाचलं. तुझं अक्षर त्यानंच वळवलं आहे, ओळखायले वेळ नाही लागला. मग त्यानं डावा हात उचलला आणि मांडीवर ठेवून दिला. त्यानंतर मी असेपर्यंत तो त्या यंत्राकडे फिरकला नाही.

पुष्पी मोरीत रडून राहिली होती. तोंड धुऊन साडी नेसायले गेली.

पत्र नको लिहू, तू ये.

तुझी,
सिंधूआत्या

---

नागपूर, ९ सप्टेंबर १९८९

चि. गिरिधरभाऊजींना,
अनेक आशीर्वाद.

तुमचं रागाचं पत्र मिळालं. रजा मिळत नाही हेही वाचलं. आत्याबाईंचं मन हळवं, तुम्हीही ऐकून घेता. जखमेला मलम चालू आहे.

तुमच्या शब्दाप्रमाणे काल कुलूप काढलं. आप्पांना खुर्चीत बसवलं. चुकीची कळ पडू नये म्हणून मी शेजारीच बसून होते. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं, मग सावकाश टाइप केलं. छापून काढलेला कागद सोबत पाठवते, पण अक्षर फिकट आलंय म्हणून इथंही उतरवते: "गिरिधर, सुमती माझं सगळं करते. मला काही सांगायचं नाही. यंत्र घेऊन जा."

मी त्यांना एक शब्द सांगितला नाही. पुष्पलतेला विचारा, ती दारातच उभी होती.

लग्न मार्गशीर्षात धरलं आहे. कॉम्प्युटरची जागा रुखवताला लागेल.

जिव्हाळा कमी होऊ देऊ नका.

सुमती

---

बंगलोर, १८ सप्टेंबर १९८९

ती. सौ. सुमतीवहिनींस,
सा. न. वि. वि.

आप्पांचा कागद पाहून जीव भांड्यात पडला. मागच्या पत्रात काही जास्त लिहिलं गेलं असेल तर पोटात घाला. आत्याचं वय झालं, तिला भलतंच काही दिसतं.

आप्पांचीच इच्छा आहे तर माणूस पाठवतो. ते मॉडेल बंद पडल्यापासून त्याचे सुटे भाग कुठे मिळत नाहीत. आमच्या ऑफिसात तसलीच दोन यंत्रं अडून आहेत, त्यांना होतील. फ्लॉप्याही द्या. त्यांत आप्पांनी काय काय लिहून ठेवलंय ते बघत बसू नका, पुसून वापरायला येतील. तुम्ही यंत्र इतकं सांभाळलंत, व्हायरसचा वारा लागू दिला नाहीत, याचं इथं सगळ्यांना कौतुक आहे.

लग्नाला येतोच. आप्पांना शिरसाष्टांग नमस्कार. त्यांचे कान शाबूत आहेत, तेव्हा हे पत्र त्यांना वाचून दाखवा.

कृपा राहो.

आपला,
गिरिधर